कागदावरचा हिंदुस्थान : झ्यूबेरच्या दृश्यपटाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

भिंतीवर चिकटवण्याच्या छापील कागदाकडे कलासमीक्षेने सहसा गांभीर्याने पाहिलेले नाही. चित्राला चौकट असते, शिल्पाला चौथरा असतो. वॉलपेपर मात्र कपाटाच्या पाठीमागे जातो, दाराच्या मापाने कापला जातो, आणि घराचा मालक बदलला की खरवडून काढला जातो. त्यामुळे त्याची गणना सजावटीत, फार तर उपयोजित कलेत होते. असे असूनही आज उंची गृहसजावटीच्या बाजारात याच वस्तूला प्रतिष्ठा लाभली आहे. ही प्रतिष्ठा प्रामुख्याने तीन शब्दांवर उभी आहे : ऐतिहासिक नमुना, मूळ ठसे आणि हातछपाई. हे तीन शब्द एकत्र आले की कागदाचे मोल वाढते आणि त्यावर काय छापले आहे हा प्रश्न मागे पडतो. जुनी छपाई जपली जाते तेव्हा नेमके काय जपले जाते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट कलाकृतीच्या आधारे केला आहे. ती कलाकृती म्हणजे फ्रान्समधील अल्सास प्रांतातील रिक्सहाइम येथे झ्यूबेर कंपनीने १८०७ साली छापलेला ‘लँदुस्ताँ’, अर्थात ‘हिंदुस्थान’ हा दृश्यपट. या कंपनीच्या जुन्या दृश्यपटांपैकी काहींची छपाई आजही तेथेच जुन्या लाकडी ठशांनी होते, आणि ‘हिंदुस्थान’ त्यांपैकीच एक आहे. दोनशेहून अधिक वर्षे विकले जाणारे हिंदुस्थानचे दुसरे चित्र शोधून काढणे सोपे नाही.

छिटीपासून भिंतीपर्यंत

झ्यूबेरचा कारखाना रिक्सहाइमला का उभा राहिला, याचे उत्तर शेजारच्या म्यूलूझ या गावात सापडते. सतराव्या शतकात हिंदुस्थानची रंगीत छीट युरोपात इतकी लोकप्रिय झाली की स्थानिक रेशीम व लोकर विणणाऱ्यांच्या हितासाठी फ्रेंच राजसत्तेने १६८६ साली तिच्यावर बंदी घातली. ही बंदी केवळ आयातीपुरती नव्हती. फ्रान्समध्ये तिची नक्कल छापण्यावरही होती. ती १७५९ पर्यंत टिकली. म्यूलूझ हे त्या काळी फ्रान्सच्या अमलाबाहेरचे स्वतंत्र नगरराज्य होते. तेथे १७४६ साली केश्लँ, श्माल्त्सर आणि दोल्फ्यूस या तिघांनी सुती कापड छापण्याचा कारखाना काढला. त्या कापडाचे नावच मुळी ‘इंडियेन’, म्हणजे हिंदुस्थानी. पुढे याच गावात, १७९० साली, दोल्फ्यूस घराण्यातील निकोला दोल्फ्यूसच्या नावाने भिंतीचे कागद छापण्याचा व्यवसाय सुरू झाला. १७९७ मध्ये तो रिक्सहाइमला ट्यूटॉनिक सरदारांच्या जुन्या वास्तूत हलवला गेला, आणि १८०२ साली त्याची संपूर्ण मालकी झाँ झ्यूबेर याच्याकडे आली. दरम्यान १७९८ मध्ये म्यूलूझही फ्रान्समध्ये विलीन झाले होते.

हा तपशील केवळ पार्श्वभूमी म्हणून नोंदवून पुढे जाण्यासारखा नाही. कापडावर ठसा उठवणारे हात, ठसे कोरणारे सुतार, रंग कालवणारे रंगारी यांची एक पिढी म्यूलूझ परिसरात तयार झाली ती हिंदुस्थानी मालाची नक्कल करता करता. कागदाच्या छपाईला ते कौशल्य आयते मिळाले. आज ज्याला अस्सल युरोपीय हस्तकौशल्याचा वारसा म्हणून गौरवले जाते त्याच्या मुळाशी ही उसनवारी आहे. उसनवारी हा दोष नव्हे. कारागिरीचा इतिहास तिच्याशिवाय लिहिताच येत नाही. मात्र ज्या देशाच्या कापडाने हा धंदा जन्माला घातला त्याच देशाचे चित्र त्या धंद्याने पुढे भिंतीवर छापले, तेव्हा त्या देशात कापड छापणारा कोणी असतो याची आठवण त्या चित्राला कितपत राहिली, हे पाहणे आवश्यक ठरते.

बाराशे पासष्ट ठसे

‘हिंदुस्थान’ हा वीस पट्ट्यांचा दृश्यपट आहे. त्याला ८५ रंग आणि १२६५ ठसे लागले. सरासरीने पाहिल्यास एका पट्टीवर साठाहून अधिक वेळा लाकूड टेकवावे लागते. तुलनेसाठी विल्यम मॉरिसचा ‘अकँथस’ हा १८७५ चा वॉलपेपर घेता येईल. त्याला तीस ठसे लागत आणि तेवढ्यानेच तो खर्चिक मानला गेला. अर्थात दोहोंची जात निराळी आहे. मॉरिसचा नमुना फिरून फिरून तोच येतो. झ्यूबेरच्या दृश्यपटात एकही भाग दुसऱ्यांदा येत नाही. वीसही पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की खोलीच्या चारही भिंतींवरून एकच देखावा फिरतो. मध्ये दार आले, खिडकी आली तरी तो सांधला जावा अशी त्याची रचना असते. वर आकाशाचा भाग मुद्दाम उंच ठेवलेला असतो, म्हणजे छत ठेंगणे असल्यास वरचा कागद कापता येतो आणि माणसांची डोकी शाबूत राहतात.

प्रक्रिया अशी. त्या काळी कागद अखंड मिळत नसे. हाताने केलेले ताव एकमेकांना चिकटवून पट्टी तयार केली जाई. तिच्यावर आधी ब्रशाने जमिनीचा रंग चढवत, आकाशाची छटा याच टप्प्यावर निळ्याकडून पांढुरक्याकडे उतरवली जाई. मग ठसे. खडूची पूड, रंगद्रव्य आणि जनावराच्या कातड्याहाडांपासून काढलेला सरस यांचे दाट मिश्रण रंग म्हणून वापरले जाई. तो कागदात मुरत नाही, कागदावर बसतो. म्हणून या छपाईला मखमलीसारखा मंद, अपारदर्शक पोत येतो आणि बोट फिरवल्यास रंगाची कड जाणवते. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. ठशाच्या कोपऱ्यांतील बारीक खिळ्यांच्या खुणांवरून पुढचा ठसा जुळवायचा. ठसा नाशपतीसारख्या घट्ट लाकडाचा, आडव्याउभ्या थरांवर बसवलेला, कारण एकसंध फळी ओलाव्याने वाकते. ठसा दाबणाऱ्या कारागिराच्या शेजारी रंगाच्या पेटीवर दर वेळी रंग सारखा पसरून ठेवणारा एक मदतनीस लागे, आणि हे काम त्या काळच्या कारखान्यांत बहुधा लहान मुलांकडे असे. मूळ पद्धतीच्या आजच्या गौरवात हा पोऱ्या कोठेही दिसत नाही.

छपाईचे हे गुण कबूल केलेच पाहिजेत. ॲक्वाटिंटच्या ताम्रपटातील धूसर, वितळणाऱ्या छटा लाकडी ठशाला साधत नाहीत. प्रत्येक छटेला तेथे कड असते. रिक्सहाइमच्या कोरक्यांनी या मर्यादेचेच सामर्थ्य केले. पानांचा एक घोस पाच-सहा हिरव्यांच्या तुकड्यांनी उभा राहतो, आणि दहा पावलांवरून पाहणाऱ्या डोळ्याला तो वाऱ्याने हलता वाटतो. जवळून मात्र नुसते तुकडे दिसतात. हे अंतराचे गणित ज्यांनी सोडवले ते कारागीर श्रेष्ठ होते यात शंका नाही. त्यांची नावे मात्र कागदावर नाहीत.

दृश्याची जुळवणी

या दृश्यपटाची रेखाटने पिएर-आंत्वान मोंझँ या चित्रकाराची. त्याने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्याच्यासमोर होते ते थॉमस व विल्यम डॅनियल या इंग्रज काका-पुतण्यांचे ‘ओरिएंटल सीनरी’. हे दोघे १७८६ साली कलकत्त्यास आले. पुढील सात वर्षांत ते उत्तरेस गढवालपर्यंत, दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत फिरले आणि १७९३ मध्ये मुंबईस पोचले. मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी एकूण १४४ ॲक्वाटिंट चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत घारापुरी व कान्हेरी येथील लेणीही आहेत. डॅनियलांनीही हिंदुस्थान रम्य करूनच पाहिला, हे खरे. तरीही त्यांच्या प्रत्येक चित्राखाली एक ठिकाण आहे. अमुक घाट, अमुक मशीद, अमुक देवालय असे नाव आहे. वास्तूचे प्रमाण घेण्यासाठी त्यांनी कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला होता.

मोंझँच्या हाती येताच सर्वात आधी गळाले ते हे नाव. वेगवेगळ्या प्रांतांतील, वेगवेगळ्या शतकांतील वास्तू त्याने डॅनियलांच्या चित्रांतून उचलल्या आणि एका सलग भूप्रदेशात मांडल्या. देऊळ आणि मकबरा, दक्षिण आणि उत्तर यांच्यामधील शेकडो कोसांचे अंतर दोन-चार झाडांनी भरून काढले. झाड हे दृश्यपटाच्या तंत्रात विरामचिन्हासारखे काम करते : एक प्रसंग संपला, दुसरा सुरू झाला. समीक्षेच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे आहे. भूगोल मोडणे ही मोंझँची चूक म्हणून दाखवणे सोपे, पण पुरेसे नाही. दृश्यपटाचा घाटच असा आहे की त्याला सलगता हवी असते, आणि सलगता हवी असेल तर स्थळांना आपली नावे सोडावी लागतात. स्वित्झर्लंडच्या दृश्यपटातही पर्वत जागचे हलले असतीलच. मात्र स्वित्झर्लंड पाहिलेला, निदान ऐकून माहीत असलेला ग्राहक ती जुळवणी ओळखू शकत होता. हिंदुस्थानच्या बाबतीत ग्राहकाला ताडून पाहण्याजोगे काहीच हाताशी नव्हते. म्हणून तेच तंत्र एका देशाला सहलीचे चित्र ठरते आणि दुसऱ्याला कल्पित प्रदेश करून टाकते.

काळाची गोष्टही अशीच. डॅनियल मुंबईत होते तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते. ‘हिंदुस्थान’ छापला गेला त्याआधी ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह होऊन गेला होता, २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई होऊन गेली होती, दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली होती. युरोपातही १८०६ च्या अखेरीस नेपोलियनने इंग्रजी मालाची नाकेबंदी जाहीर केली होती. फ्रेंच कारखाना शत्रुराष्ट्राच्या चित्रकारांकडून हिंदुस्थान उचलतो आहे आणि त्या हिंदुस्थानात कोणतीही उलथापालथ घडत नाही! कागदावरची माणसे मिरवणुकीत चालतात, सावलीत विसावतात. इंग्रजांनी जिंकलेला आणि फ्रेंचांनी गमावलेला देश फ्रेंच दिवाणखान्यात निवांत होऊन आला. जेवणाच्या मेजाभोवती लावण्याच्या कागदावर युद्ध नको, असे कोणी म्हणेल. ते फेटाळता येत नाही. परंतु याच कारखान्याचा पुढचा इतिहास त्या म्हणण्याला छेद देतो.

झ्यूबेरने १८३४ साली ‘उत्तर अमेरिकेची दृश्ये’ हा बत्तीस पट्ट्यांचा दृश्यपट काढला. देल्तिल हा त्याचा चित्रकार. त्यानेही अमेरिका दुसऱ्यांच्या चित्रांवरूनच रेखाटली. नायगारा, बोस्टनचे बंदर, न्यूयॉर्कचा उपसागर, आणि त्यांच्यापुढे नटूनथटून फिरणारे गोरे व काळे नागरिक. १८५२ मध्ये कारखान्याने पार्श्वभूमी तीच ठेवून पुढची माणसे बदलली, सैनिक आणले, आणि ‘अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणून तो नव्याने विकला. म्हणजे युद्ध वर्ज्य नव्हते; मागणी असली की ते छापता येत होते. दृश्यपटातील माणसे सुटी असतात, काढघाल करता येतात, हे व्यापारी सत्यही येथे उघड होते. या दोन्ही दृश्यपटांचे पुढे जे झाले तेही बोलके आहे. पहिला १९६१ साली मेरिलँडमधील एका जुन्या घरातून काढून जॅकलिन केनेडी यांच्या पुढाकाराने व्हाइट हाउसच्या राजनैतिक स्वागतकक्षात लावण्यात आला. दुसरा वरच्या मजल्यावरील भोजनगृहात लागला. तेथे बेटी फोर्ड यांनी लढाईची चित्रे जेवताना नकोत म्हणून तो उतरवला आणि कार्टर यांच्या काळात तो पुन्हा चढला. सजावट म्हणून दुर्लक्षित केलेला कागद पाहणाऱ्याला बोचू शकतो, याचा याहून साधा पुरावा नको. अमेरिकन ग्राहकाला आपला देश त्या कागदावर ओळखता आला, म्हणून त्याच्याशी भांडताही आले. ‘हिंदुस्थान’शी असे भांडण कोणी कोणत्या भोजनगृहात करावे?

पुण्याचा एक धागा

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी एका पुणेकराची आठवण होणे स्वाभाविक आहे. डॅनियल मुंबईत आले तेव्हा त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढणारा हाच वेल्स. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात चित्रकलेची एक शाळा चालत असे आणि गंगाराम तांबट हा तिच्यातून पुढे आलेला कलावंत. वेरूळ, कार्ले येथील लेण्यांची त्याने केलेली रेखाटने आज येल येथील ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. वेल्स १७९५ साली मरण पावला, आणि त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये चोवीस चित्रांचा संच प्रसिद्ध केला. रिक्सहाइमचा कागद थेट गंगारामपर्यंत नेऊन भिडवण्याचा मोह टाळला पाहिजे; तसा पुरावा नाही. मुद्दा निराळा आहे. ज्या चित्रव्यवहारातून युरोपला हिंदुस्थानच्या वास्तू दिसू लागल्या त्या व्यवहारात एतद्देशीय हात होते, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते हात अदृश्य होत गेले. जागेवर बसून काढलेल्या रेखाटनापासून ताम्रपट, ताम्रपटापासून ठसा, ठशापासून भिंत हा प्रवास जसजसा लांबतो तसतसे चित्र देखणे होते आणि माणूस कमी होतो.

त्याच काळात आपल्याकडे भिंती कोऱ्या नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे. वाई-मेणवलीच्या वाड्यांतील भित्तिचित्रे भिंतीच्या गिलाव्यावरच काढलेली आहेत. ती उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाहीत. वाडा पडला की तीही पडतात. छापील कागदाचे भाग्य नेमके उलट. मेरिलँडचे घर गेले तरी कागद राष्ट्राध्यक्षांच्या घरी पोचतो. तांत्रिकदृष्ट्या ही छपाईची जीत आहे.

मूळपणाचा पत्ता

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. झ्यूबेरच्या ठशांना फ्रान्समध्ये ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा आहे. १९८३ पासून रिक्सहाइमच्या त्याच वास्तूत भिंतीच्या कागदांचे संग्रहालय आहे. हे जतन मोलाचे आहे. ठसे सरपणात गेले असते तर एक अख्खी विद्या गेली असती. विद्या ग्रंथात राहत नाही, हातात राहते, आणि हात चालू राहण्यासाठी कोणी तरी कागद विकत घ्यावा लागतो. श्रीमंत ग्राहकाच्या हौसेवर ही विद्या जगली म्हणून तिला नाके मुरडणे सोयीचे असले तरी अप्रामाणिक ठरेल.

परंतु या जतनात मूळपणाचा पत्ता बदलला आहे, तो कोणी पाहत नाही. १८०७ च्या ग्राहकाला कागदाने हिंदुस्थान दाखवण्याचे आश्वासन दिले होते. आजचा ग्राहक हिंदुस्थान पाहत नाही. तो ठसा पाहतो. दृश्य खोटे असले तरी लाकूड खरे आहे, असा हा सौदा. मॉरिस-नमुन्यांच्या बाजारातही हेच घडते. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हा १८८३ चा नमुना सुती कापडासाठी होता. आधी सगळे कापड निळीत बुडवायचे आणि मग हवा तेथला रंग उडवायचा, या कष्टाच्या पद्धतीसाठी तो रचलेला होता. आज तो कागदावरही विकला जातो, तेथे ना नीळ ना बुडवणे. झ्यूबेरने पद्धत राखली आणि दृश्याचा अर्थ झिजू दिला. येथे दृश्य राखले आणि पद्धत गेली. दोन्ही ठिकाणी ‘ऐतिहासिक’ हा शब्द सारखाच चालतो. स्वतः मॉरिसने १८७९ साली बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात इंग्रजी व्यापारामुळे हिंदुस्थानची कारागिरी नष्ट होत असल्याबद्दल रोखठोक बोल सुनावले होते. त्याच्या नावाच्या कागदावर हे बोल छापून येण्याची अपेक्षा कोणी करणार नाही, पण त्या नावाच्या प्रतिष्ठेत त्यांचा वाटा आहे.

यावर उपाय म्हणून ‘हिंदुस्थान’ची छपाई थांबवावी काय? तसे म्हणणे उथळ होईल. कलाकृती जुनी आणि सदोष आहे, एवढ्यावरून ती दडवायची ठरली तर संग्रहालये ओस पडतील. अधिक फलदायी वाट न्यूझीलंडच्या लीसा रेहाना या माओरी कलावतीने दाखवली आहे. झ्यूबेरचा प्रतिस्पर्धी द्यूफूर याने १८०४ साली कॅप्टन कुकच्या सफरींवर आधारलेला ‘प्रशांत महासागरातील रानटी लोक’ या अर्थाचा दृश्यपट काढला होता. शार्व्हे या चित्रकाराने त्यात पॅसिफिक बेटांवरील माणसे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या पोशाखात व डौलात उभी केली. रेहाना यांनी २०१५ च्या आपल्या चलच्चित्रकृतीत त्याच कागदाचा देखावा पार्श्वभूमी म्हणून ठेवला आणि पुढे जिवंत पॅसिफिक नट उतरवले : ते नाचतात, देवघेव करतात, अंगावर गोंदवून घेतात, आणि कुकचा मृत्यूही तेथेच घडतो. ही कृती २०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मांडली गेली. येथे कागदाची निंदा नाही. दृश्यपटातील माणसे सुटी असतात, काढघाल करता येतात, हे कारखानदाराने १८५२ साली वापरलेले तत्त्वच त्यांनी उलट हेतूने वापरले.

‘हिंदुस्थान’चे असे पुनर्वाचन करायचे तर सामग्री दुर्मीळ नाही. डॅनियलांची १४४ चित्रे स्थळनामांसह उपलब्ध आहेत. वीस पट्ट्यांतील एकेक वास्तू त्यांच्याशी ताडून तिला तिचे गाव परत देता येईल. ते काम कलेच्या इतिहासाचे तितकेच भूगोलाचे आणि स्थापत्याचेही आहे, म्हणून एका विभागाच्या एका अध्यापकाला झेपणारे नाही. रंगांच्या ८५ छटांपैकी कोणत्या चित्रातून आल्या आणि कोणत्या रिक्सहाइमच्या रंगाऱ्याने मनाने कालवल्या, हेही अशा ताडणीतून कळू शकेल. ठसे रिक्सहाइमला आहेत आणि गंगाराम तांबटाची वेरूळची रेखाटने अमेरिकेत न्यू हेवनला.